अथेन्समध्ये शाकाहारी माणसाने काय मागायचं

मिस्टरांची बदली अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराला झालीय, घरात मांसमच्छी चालत नाही, म्हणून ब्रेकफास्ट, टोस्ट, टी, राइस असल्या रोजच्या इंग्रजी शब्दांची ग्रीक यादी तुम्ही मागितलीत. देते, पण नुसत्या यादीने पोट भरणार नाही, तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करा.

पाणी नेरो, पाव प्सोमी, दूध गाला, दही याऊर्ती, अंडं अवगो, तांदूळ रीझी. सकाळचं खाणं प्रोइनो, दुपारचं मेसिमेरियानो, रात्रीचं व्रादिनो. रात्री नऊच्या आधी खानावळीत गेलात तर सोबतीला बहुतेक पर्यटकच. बोलण्यापेक्षा वाचणं जास्त छळतं. बाटलीवर 'नेपो' दिसेल, ते नेरो. इंग्रजी पी दिसतो तो र, एच दिसतो तो ई. चोवीसच अक्षरं आहेत, निघण्याआधी शिकून टाका.

टोस्ट मागितलात तर चीज आणि हॅम घालून दाबलेलं सँडविच येईल. 'मोनो तिरी' सांगा, फक्त चीज. चहाला त्साईच म्हणतात, पण हुरळू नका. गरम पाणी आणि पिशवी येते, नाहीतर डोंगरी पाल्याचा काढा. दूध हवं तर 'मे गाला' म्हणा. आल्याचा चहा घरीच.

शाकाहारीला होर्तोफागोस म्हणतात आणि शहरात तो शब्द कळतोही. मी मात्र 'निस्तीसिमो' काय आहे ते विचारते, म्हणजे उपासाचं. ऑर्थोडॉक्स उपासाला मांस, अंडी, दूधदुभतं वर्ज्य. ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासात तर बेकरीपासून खानावळीपर्यंत निस्तीसिमोची चंगळ असते. मेख एवढीच, की कोळंबी, माकूल, ऑक्टोपस त्या उपासाला चालतात! आणि ती गोंडस गुलाबी तारामोसालाता नावाची चटणी माशाच्या अंड्यांची असते.

त्याहून भरवशाचा शब्द लादेरा, म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या. फासोलाकिया म्हणजे फरसबी, ब्रियाममध्ये वांगं, बटाटा, झुकिनी, आणि बामियेस म्हणजे चक्क भेंडी. ताटलीत तेलाचं तळं असतं. ते पावाने पुसून खायचं, सगळे खातात. गेमिस्ता म्हणजे तांदूळ भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या. त्यात कधी खिमा असतो, म्हणून 'होरीस किमा?', म्हणजे खिम्याशिवाय ना, असं विचारून घ्या. किमा म्हणजे आपला खिमाच.

मुलांसाठी फावा. इंग्रजी फावा बीन्स समजून सोडू नका. ही पिवळी डाळ, शिजवून घोटलेली, वर कच्चा कांदा, लिंबू, तेल. भातावर घेतली की घट्ट वरणच. सांतोरिनीची फावा नावाजलेली आहे. फाकेस म्हणजे मसूर. त्याच्या सूपवर इथे व्हिनेगर घालतात, मला ते अजून झेपत नाही.

भाजी लाइकीतून घ्या. हा रस्त्यावरचा आठवडी बाजार, प्रत्येक वस्तीचा वार ठरलेला. बाजार उठायच्या वेळी गेलं की भाव उतरतात. सुपरमार्केटमधलं 'ओलिकीस आलेसिस', म्हणजे कोंड्यासकट दळलेलं पीठ गव्हाचंच, पण पोळ्या कडक होतात. आपल्यासारखा आटा आणि डाळी हव्या असतील तर अथेन्समधल्या ओमोनिया चौकाजवळच्या मेनांद्रू रस्त्यावर पाकिस्तानी-बांगलादेशी दुकानं आहेत, तिथे हिंदी चालतं. खडा मसाला एव्रिपीदू रस्त्यावर. गोडा मसाला आणि हिंग मात्र बॅगेतच घाला.