अल्टेअरला वीज देण्याआधी

प्रश्न : काकांचा अल्टेअर ८८००, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायचा जुना संगणक, माझ्याकडे आला आहे. किट त्यांनीच सोल्डर केलं होतं. कित्येक वर्षं तो बंद आहे. वीज देऊन बघू का? मित्र म्हणतो, आधी सगळे कपॅसिटर बदल.

उत्तर : प्लग लावू नका, आणि मित्राचंही लगेच ऐकू नका. सरसकट कपॅसिटर उपटण्याची रीत मला मुळीच पटत नाही. त्या नादात जुन्या बोर्डाचे ट्रॅक (तांब्याच्या पट्ट्या) उखडतात आणि काकांच्या हातचं कामही पुसलं जातं. संशय घ्यायचा तो पॉवर सप्लायमधल्या मोठ्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर आणि बोर्डावरच्या टँटॅलम कपॅसिटरवर. टँटॅलम शॉर्ट होतात, कधी पेटही घेतात. सिरॅमिक सहसा काही त्रास देत नाहीत, त्यांना राहू द्या.

सगळे बोर्ड बाहेर काढा. ट्रान्सफॉर्मर किती व्होल्टचा आहे ते पाहा; ११० चा असेल आणि तुमच्याकडे २३० असेल, तर खेळ तिथेच संपेल. मग व्हेरिअॅकने (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) व्होल्टेज हळूहळू, काही तास घेऊन चढवा. पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलायटिकमधला ऑक्साइडचा थर अशाने पुन्हा बसतो. कपॅसिटर गरम झाला किंवा फुगला, तर मात्र बदला. बसवर, म्हणजे सगळे बोर्ड जोडणाऱ्या सामाईक तारांवर, साधारण ८ आणि अधिक-उणे १६ व्होल्ट अनरेग्युलेटेड (अजून स्थिर न केलेले) मिळायला हवेत. लोड नसताना आकडा थोडा चढाच दिसतो, घाबरू नका. नेमके ५ व्होल्ट प्रत्येक बोर्ड स्वतःच्या रेग्युलेटरवर करून घेतो. आणि हो, मेन्सची तार पुढच्या पॅनेलवरच्या स्विचपर्यंत आलेली असते. झाकण उघडं असताना एक हात खिशात, म्हणजे शॉक बसला तरी एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जाणार नाही.

त्यानंतर सीपीयू आणि मेमरी, एवढेच बोर्ड लावा. पॅनेलवरच्या स्विचनी मेमरीच्या ० पत्त्यापासून ऑक्टलमध्ये (आठच्या पायावरच्या आकड्यांत) ३०३, ०००, ००० भरा. म्हणजे ‘शून्यावर उडी मार’. रीसेट करून सिंगल स्टेप दाबत राहा. पत्त्याचे दिवे ०, १, २ आणि पुन्हा ० असे फिरले, तर ८०८०, म्हणजे यंत्राचा प्रोसेसर, जिवंत आहे. हे पाहताना मला अजूनही हसू येतं.

फिरले नाहीत तर चिपला दोष देण्याआधी तारा तपासा. सुरुवातीच्या अल्टेअरमध्ये पॅनेल ते बस असा तारांचा जुडगा हौशी माणसालाच सोल्डर करावा लागे, आणि ड्राय सोल्डर (नीट न पकडलेला सांधा) बहुतेक तिथेच सापडतं. मेमरीत एकच बिट सतत चुकत असेल आणि बोर्डावर २१०२ या मेमरी चिप असतील, तर काम सोपं. ती चिप १०२४ × १ बिटची, म्हणजे प्रत्येक बिटाला वेगळी चिप. तिची शेजारच्या चिपशी अदलाबदल करा. दोष चिपबरोबर सरकला तर चिप खराब, जागेवरच राहिला तर सॉकेट.

प्रश्न : जुनं यंत्र मिळत नाही. नव्याने कोणतं बांधू?

उत्तर : कॉसमॅक एल्फ, घरी बांधायचा छोटा संगणक. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या ऑगस्ट १९७६ च्या अंकात त्याची रचना आली होती, प्रोसेसर आरसीएचा १८०२, मेमरी २५६ बाइट. १८०२ मध्ये लोड मोड असल्याने रॉम (कायमचा प्रोग्रॅम ठेवणारी चिप) लागत नाही, स्विचनेच प्रोग्रॅम भरता येतो. शिवाय क्लॉक थांबवला तरी रजिस्टर जागच्या जागी राहतात, त्यामुळे साध्या मल्टिमीटरनेही चूक शोधता येते. चिप सीमॉस प्रकारची, स्थिर विजेने बिघडू शकणारी आहे, तेव्हा ती सगळ्यात शेवटी सॉकेटमध्ये बसवा आणि न वापरलेले इनपुट लोंबते ठेवू नका.