स्प्रिंग तुटली तरी गाडी चालवणाऱ्याला कळत नाही, असं होऊ शकतं का?

हो, होऊ शकतं, कारण कॉइल स्प्रिंग (चाकाजवळची, धक्के झेलणारी गोल वेढ्यांची स्प्रिंग) बहुतेक वेळा अगदी खालच्या वेढ्यात तुटते आणि उरलेली स्प्रिंग वाटीत, म्हणजे ती जिच्यावर टेकते त्या बैठकीत, नीट बसून राहते. गाडी जेमतेम बोटभर खाली येते. बेळगावात सस्पेन्शनचंच काम करतो. चोर्ला-जांबोटी घाटरस्त्याने येणाऱ्या गाड्यांच्या वाटीत पावसाळाभर लाल चिखल साचतो, खड्यांनी रंग उडालेला असतो, तिथेच गंज धरतो आणि एखाद्या खड्ड्यात वेढा तुटतो. जागेवर स्टेअरिंग पूर्ण फिरवताना 'टंग' असा आवाज आला तर आधी स्प्रिंगच बघा. चाक एका बाजूला वळवून टॉर्चने खालचा वेढा तपासा: शेवट सफाईदार कापलेला हवा, खडबडीत आणि टोकदार नको. बऱ्याच गाड्यांत पुढच्या स्प्रिंगचं हे टोक टायरजवळच असतं. सरकलं तर टायर फाडतं, म्हणून अशी गाडी घाटात नेऊच नका. बदलताना डावी-उजवी जोडीनेच बदला. मात्र गाडी एका बाजूला झुकली म्हणजे स्प्रिंगच गेली असं नाही; आधी टायरची हवा बघा. वाटी खोल असेल तर गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय काही दिसत नाही.