हवामान बदलाचा धडा शाळेच्या पटांगणातूनच सुरू करा

प्रश्न: नमस्कार ताई, मी बेळगावात मराठी शाळेत सातवीला शिकवतो. हवामान बदल म्हटलं की पोरं वितळणारा बर्फ आणि पांढरं अस्वल एवढंच सांगतात, आणि एका मुलीनं तर विचारलं की सर आता सगळं बुडणारच काय? शहरं यासाठी काय तयारी करू शकतात हे पोरांना समजेल असं कसं शिकवू?
– एक शिक्षक, वडगाव

उत्तर: सर, त्या मुलीचा प्रश्न आधी घ्या. तिला खरं सांगा की धूर कमी करणं हे एक काम आणि जे बदललंय त्याच्याशी जुळवून घेणं हे दुसरं, आणि दुसऱ्या कामातलं बरंच काही आपल्या गल्लीत, आपल्या शाळेत करता येतं. घाबरलेल्या पोराला भाषण नको असतं हो, हाताला काम पाहिजे असतं.

अस्वल राहू दे बाजूला, तुमच्याकडे बळ्ळारी नाला आहे की. गाळ आणि जलपर्णीनं तुंबतो आणि पावसाळ्यात शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारात पाणी घुसून भात कुजतं, हे वर्गातल्या कितीतरी पोरांनी घरी ऐकलेलं असणार. 2019 च्या ऑगस्टचा पूर तर त्यांनी लहानपणी बघितलाय. मग सांगा की हवा एक डिग्रीनं तापली की साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडला की एकदम बदाबदा पडतो, आणि आपण मात्र सगळीकडे काँक्रीट आणि पेव्हर घालून ठेवलेत मग ते पाणी जाणार कुठं?

हे पटांगणातच दाखवता येतं. दोन्ही बाजूंनी उघडा एक पत्र्याचा डबा घ्या, तो मातीत दोन बोटं खोल रोवा, तांब्याभर पाणी ओता आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते पोरांना घड्याळ लावून मोजू द्या. मग तेच झाडाखालच्या पाचोळ्यात, जिथं रोज गाड्या लागतात त्या घट्ट झालेल्या जागेवर करा, आणि पेव्हरवर डबा रोवता येत नाही तर नुसतं पाणी ओता आणि कुठं वाहत जातंय ते खडूनं आखा. झाडाखाली पाणी पटकन गडप होतं आणि गाड्यांच्या जागी नुसतं डबक्यासारखं थांबतं, हे एकदा डोळ्यानं बघितलं की पुढचं पोरं स्वतःच बोलायला लागतात. छपराचं गणितही घाला. 200 चौरस मीटर छप्पर आणि 50 मिमी पाऊस म्हणजे 10,000 लिटर, एवढं पाणी आपण गटारात सोडतो आणि मार्चमधे टँकर शोधतो! इथंच टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीची गोष्ट सांगा, 1924 च्या अधिवेशनासाठी खणलेली, ज्याचे अध्यक्ष गांधीजी होते. जमल्यास ती दाखवायला न्याच.

बाहेरचं उदाहरण एकच पुरे, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहराचं. तिथं बेन्थेमप्लाइन नावाच्या चौकात 2013 मधे खोलगट खेळाचं मैदान केलं, एरवी त्यात मुलं खेळतात आणि जोराचा पाऊस आला की तेच मैदान पाणी धरून ठेवतं. त्याचा आराखडा ठरवताना शेजारच्या कॉलेजचे विद्यार्थीही बसले होते, हे मात्र पोरांना आवर्जून सांगा.

उन्हाचा भाग मार्चमधेच उरका, एप्रिलच्या दहा तारखेनंतर सुट्टी लागते. पत्र्याखालचा वर्ग आणि कौलाखालचा वर्ग, दुपारी दोनला थर्मामीटर, बस्स.

एक गोष्ट कडक पाळा, पावसात पोरांना नाल्याजवळ नेऊ नका, नाल्याचा नकाशा पोरांकडून डिसेंबर-जानेवारीत काढून घ्या. आणि शक्य असेल तर शेजारच्या कन्नड शाळेलाही बरोबर घ्या, नाला दोघांचा एकच आहे, आणि महापालिकेला गाळ काढायचा अर्ज द्यायचा झाला तर तो दोन्ही भाषांत पोरांच्याच हातानं लिहून घेता येईल, त्यासोबत त्यांनी काढलेला नकाशा जोडा.