वहिनीने रिकव्हरी प्रोग्रॅमला सही करावी, की लायसन्स सोडून भारतात परत यावं?

तुम्ही लिहिलंय की वहिनी टेक्सासमध्ये नर्स आहेत, पिक्सिसच्या (हॉस्पिटलमधल्या औषधं देणाऱ्या मशिनच्या) हिशोबात हायड्रोमॉर्फोन हे अफूच्या जातीचं वेदनाशामक कमी निघालं, ते आपणच घेतल्याचं त्यांनी घरी सांगितलंय, आणि "तीन वर्षं लघवी तपासून घेण्यापेक्षा लायसन्स परत करून मोकळं व्हावं" असं तुमच्या भावाचं म्हणणं आहे. रिकव्हरी प्रोग्रॅम म्हणजे व्यसनात सापडलेल्या नर्सला तपासणीखाली ठेवून लायसन्स टिकवू देणारा करार. भावाचं चूक आहे. साफ चूक. हेच वाक्य माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने माझ्या घरात, माझ्या आईसमोर म्हटलं होतं, त्यामुळे उत्तर लांबेल.

बहीण आणि मी दोघीही नर्स. राज्याचं नाव लिहीत नाही. पाठीच्या ऑपरेशननंतर तिला ऑक्सिकोडोन (तसंच वेदनाशामक) लागलं, डॉक्टरांनी बंद केल्यावर शरीराने मागणं सोडलं नाही. मग व्हायलमधलं उरलेलं औषध साक्षीदारासमोर वेस्ट करायचं, म्हणजे फेकून द्यायचं, ते वेस्ट न होता तिच्या खिशात जायला लागलं. मशिनच्या रिपोर्टमध्ये ते दिसतंच. तिला घरी पाठवलं, लायसन्स देणाऱ्या नर्सिंग बोर्डाचं पत्र आलं, आणि त्या दिवसापासून घरात एकच चर्चा: लोकांना काय सांगायचं?

तिच्या नवऱ्याचा हिशोब सोपा होता. लायसन्स परत करायचं, मेडिकल कोडिंगचा (बिलांसाठी उपचारांना कोड देण्याचा) कोर्स करायचा, घरून काम, कोणाला काही कळणार नाही. आता ऐका. चौकशी चालू असताना लायसन्स परत करणं हे गुपचूप निघून जाणं नसतं. ती कारवाई म्हणूनच नोंदली जाते. त्याच कारणावरून अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य खात्याचं इन्स्पेक्टर जनरलचं ऑफिस माणसाला बंदीच्या यादीत टाकू शकतं. त्या यादीत नाव गेलं की मेडिकेअर-मेडिकेडचे (सरकारी आरोग्यविम्याचे) पैसे घेणारं कुठलंही हॉस्पिटल तुम्हाला कामावर ठेवू शकत नाही. बेडसाइडला नाही, ऑफिसात नाही, बिलिंगला नाही, कोडिंगलाही नाही. ज्या दाराने पळायचं ठरवत होता तेच दार बंद होणार होतं. मी हे त्याला तेव्हाच सांगितलं होतं. "ताई, तुम्ही उगाच घाबरवताय," म्हणाला.

बहिणीने प्रोग्रॅमच्या करारावर सही केली.

सही केल्यावर काय असतं ते वहिनींना माहीत असेल, तुमच्यासाठी लिहिते. रोज सकाळी अ‍ॅपवर हजेरी. नंबर लागला की त्याच दिवशी लॅब, आणि नमुना देताना समोर माणूस उभा. पैसे स्वतःचे. पाणी जास्त पिऊन गेलात आणि लघवीतलं क्रिएटिनिन (ती किती घट्ट आहे ते दाखवणारा घटक) २० च्या खाली आलं तर नमुना 'डायल्यूट', म्हणजे पाणी मिसळल्यासारखा, आणि मग प्रश्न सुरू. दारूचा थेंबही नाही, मग व्यसन दारूचं असो वा नसो. कामावर परतल्यावर सुरुवातीला नार्कोटिक्सना हात लावायचा नाही, नाइट नाही, ओव्हरटाइम नाही, एजन्सीचं काम नाही. सुपरवायझरचा रिपोर्ट, मीटिंगच्या सह्या. हे साधारण तीन ते पाच वर्षं. अपमान वाटतो, मान्य. पण ते औषध ज्या पेशंटच्या नावावर निघालं होतं तो वेदनेत पडून होता. बोर्डाचं पहिलं काम त्याला सांभाळणं आहे.

आपल्या घरांमध्ये एक वेगळीच अडचण येते, ती तिथली काउन्सेलर सांगणार नाही. खसखस. खसखशीने लघवीत मॉर्फिन दिसू शकतं, आणि करारात लिहिलेलंच असतं की असलं कारण चालणार नाही. पहिल्या वर्षीची दिवाळी माझ्याकडे होती. जावेने रात्री जागून अनारसे केले होते, वरची बाजू खसखशीने पांढरी. बहीण स्वयंपाकघरात येऊन एकेक भांडं उघडून विचारत होती, "ह्यात खसखस आहे? आणि ह्या रश्श्यात?" जावेचा चेहरा उतरला. बहिणीच्या नवऱ्याने सगळ्यांसमोर म्हटलं, "एका अनारशाने काय होतंय? खा की, सगळे बघतायत." तिने ताट खाली ठेवलं आणि पाहुण्यांच्या देखत म्हणाली, "माझं लायसन्स मॉनिटरिंगवर आहे. उद्या नंबर लागला तर लघवीत दिसेल. मी फक्त चकली घेते." खोलीत कोणी बोललं नाही. मग माझ्या सासूबाई उठल्या आणि त्यांनी तिला वरण-भात वाढला. दुसऱ्या दिवशी खरंच नंबर लागला. रिपोर्ट स्वच्छ.

त्या क्षणापासून माझ्या बहिणीबद्दल मला जो अभिमान आहे तो तिच्या गोल्ड मेडलबद्दलही नव्हता. तिने प्रोग्रॅम पूर्ण केला. आज डायलिसिस युनिटला चार्ज नर्स आहे. नवरा आता लोकांना सांगतो की "आम्ही" धीर सोडला नाही. असो.

माहेरहून येणाऱ्या पिशवीतलं आणखी एक: द्राक्षासव, दशमूलारिष्ट, कुमारी आसव. सगळ्यांत अल्कोहोल असतं. होमिओपॅथीचे थेंबही तसेच. दारूसाठी जी ईटीजी चाचणी करतात ती इतकी संवेदनशील आहे की माउथवॉश आणि हँड सॅनिटायझरमुळेही गोंधळ होऊ शकतो; अमेरिकी सरकारच्याच संस्थेने २००६ मध्ये तसा इशारा दिला होता. आईला फोन करून सांगा, काही पाठवू नकोस.

आता ज्या गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. सही करण्याआधी लायसन्सची प्रकरणं करणारा वकील गाठा, नात्यातला कोणी नको. वहिनी नागरिक नसतील, ग्रीन कार्ड असलं तरी, इमिग्रेशनचा वकीलही त्याच आठवड्यात. नियंत्रित औषध घेतल्याची लेखी कबुली व्हिसाला आणि कार्डाला नडू शकते. त्यांनी घेतलंच नसतं तर मी सही करा म्हटलं नसतं, कारण न केलेल्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षं बांधून घेण्यात अर्थ नाही. ब्यूप्रेनॉर्फिनवर (व्यसन सोडवायला डॉक्टर देतात त्या औषधावर) असतील तर "आधी ते बंद करा" असं कोणी म्हटल्यास गप्प बसू नका: २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने इंडियानाच्या नर्सिंग बोर्डाला ह्याच बाबतीत अपंगत्व कायद्याचा भंग केल्याचं ठरवलं. मल्टिस्टेट लायसन्स (अनेक राज्यांत चालणारं) असेल तर प्रोग्रॅमच्या काळात ते एका राज्यापुरतं राहतं, तेव्हा दुसऱ्या राज्यात नोकरी शोधू नका.

टेक्सासच्या नर्सेससाठीच्या अशा प्रोग्रॅमचं नाव टीपॅपन. फ्लोरिडासारखी राज्यं हे १९८० च्या दशकापासून करतायत, हा काही वहिनींसाठी काढलेला नियम नाही. स्वतःहून गेलं तर अनेक राज्यांत नाव जाहीर होत नाही. बोर्डाच्या आदेशाने गेलं तर होऊ शकतं. टेक्सासमध्ये वहिनींच्या बाबतीत कुठलं लागू होईल ते वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. आणि भावाला त्या भेटीला न्या, पण बोलायचं वहिनींनी.