‘गुड मॉर्निंग’ टाकलं की दहा पॉइंट

प्रश्न : ताई, मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत एचआर बघते. मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि त्याने ऑफिसात सगळ्यांना एआय टूलचं पैसे भरलेलं अकाउंट घेऊन दिलं. कुणी उघडेना, म्हणून मग गेम काढला. रोज टूल वापरलं की दहा पॉइंट, सलग आठवडाभर वापरलं की बॅज, आणि दर शनिवारी व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांची नावं. महिन्यात पहिला येईल त्याला दोन हजाराचं व्हाउचर. सुरुवातीला लई उत्साह होता. आता बघते तर डिस्पॅचचा एक पोरगा रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग’ टाकतो, दोन जोक विचारतो आणि पहिला येतो. अकाउंट्सच्या तिघांनी तर अजून लॉगिनसुद्धा केलं नाही. मालक म्हणायलेत पॉइंट डबल करा. काय करू?
— एक एचआरवाली, जालना

उत्तर : पॉइंट डबल केले तर तो पोरगा दोनदा गुड मॉर्निंग म्हणेल, अजून काय होणार! आणि त्याला रागावू नका हं, तुम्ही टूल उघडायचे पॉइंट ठेवले, त्याने टूल उघडलं, त्याच्याकडून व्यवहार पूर्ण झाला.

१९०२ साली व्हिएतनाममधल्या हनोईत असाच गेम झाला होता. तेव्हा तिथं फ्रेंचांचं राज्य, शहरात उंदीर माजलेले, प्लेगची भीती. सरकारने उंदीर मारायला बक्षीस लावलं, पुरावा म्हणून नुसती शेपटी आणून द्यायची. थोड्याच दिवसांत गावात बिनशेपटीचे उंदीर फिरताना दिसायला लागले, कारण लोक शेपटी कापून उंदीर जिवंत सोडायचे, म्हणजे त्याला पुढं पिल्लं होतील आणि आणखी शेपट्या मिळतील, आणि शहराबाहेर काहींनी तर उंदीर पाळायलाच घेतले. तुमचं लॉगिन ही ती शेपटी आहे. टूलच्या डॅशबोर्डवर कोण किती वेळा आलं हे दिसतं, पण टूलमुळे एखाद्याचं काम हलकं झालं का हे तिथं दिसत नाही, आणि मालकाला तर तेच पाहिजे असणार ना?

म्हणून गेमच वाईट असं मात्र नाही. २०१९ ची दिवाळी आठवा, गुगल पेच्या त्या रांगोळीच्या स्टॅम्पसाठी निम्मा महाराष्ट्र वेडा झाला होता. पाच स्टॅम्प जमले की २५१ रुपये, बाकीचे पटापट मिळायचे आणि रांगोळी काही मिळायची नाही, त्या रांगोळीपायी लोकांनी वर्षानुवर्षं न बोललेल्या पाहुण्यांनाही मेसेज टाकले. पण स्टॅम्पचा खेळ संपल्यावरही लोक ॲपवर राहिले ते काही रांगोळीच्या आशेने नाही, सुट्ट्या पैशाची कटकट गेली म्हणून राहिले. गेम माणसाला दारापर्यंत आणतो, आत काही कामाचं दिसलं तरच तो बसतो.

याहून चांगलं उदाहरण तर आपल्या शेजारचंच आहे. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली पहिल्यांदा झाली ती राज्यात तीनच तालुक्यांत, आणि त्यातला एक आपला बीड जिल्ह्यातला अंबाजोगाई. पहिलं बक्षीस ५० लाखांचं. आता नीट बघा त्यांनी काय केलं. आधी गावातल्या निवडक लोकांना नेऊन ट्रेनिंग दिलं, चर कसा खणायचा, कुठं खणायचा, पाणी कसं मुरतं, आणि मग स्पर्धा लावली. मार्क गावाला होते, एकट्यादुकट्याला नाही. आणि मार्क जमिनीवर जाऊन मोजता येईल अशा कामाचे होते. शिवाय बक्षीस नाही मिळालं तरी पाऊस पडल्यावर पाणी स्वतःच्याच शिवारात मुरणार होतं, त्यामुळे हरलेल्या गावाचीही मेहनत वाया गेली नाही. तुमच्या ऑफिसात ट्रेनिंग झालं का? पत्रात तर काही दिसलं नाही. अकाउंट मिळालं, पासवर्ड मिळाला आणि डायरेक्ट स्पर्धा सुरू.

तर मी काय म्हणते, हा नावांचा बोर्ड या शनिवारी बंद करा. आठवडाभर नुसतं प्रत्येक डिपार्टमेंटला जाऊन बसा आणि विचारा, की तुमचं सगळ्यात कंटाळवाणं काम कोणतं? डिस्पॅचवाला म्हणेल ट्रान्सपोर्टला तीच ती मेल रोज लिहावी लागते, मार्केटिंगवाली म्हणेल एकच माहितीपत्रक मराठीतून हिंदीत आणि तेलुगूत करून घ्यायला चार दिवस जातात, अकाउंट्स म्हणेल डीलरच्या थकबाकीची पत्रं. एका डिपार्टमेंटचं एकच काम धरायचं, जास्त नाही. त्यावर दोन तास टूल घेऊन सगळ्यांनी बसायचं, आणि मग पॉइंट द्यायचे ते डिपार्टमेंटला. कशाचे द्यायचे, तर ते काम खरंच टूलवर झालं का, आणि केलेली पद्धत कुणी लिहून ठेवली का, आणि सगळ्यात मोठे पॉइंट दुसऱ्या कुणी तीच पद्धत वापरून आपलं काम उरकलं तर. या तिसऱ्यामुळे माणसं एकमेकांपासून युक्त्या लपवत नाहीत, उलट शेजारच्या टेबलावर जाऊन दाखवतात. तुमच्या गुड मॉर्निंगवाल्याला पण यातच जोडून घ्या, त्याला निदान टूलची भीती नाही, शिकवायला तोच कामी येईल.

अजून एक, आणि हे बियाण्याच्या धंद्यात तर पाहिजेच. टूलची चूक जो पकडेल त्याला डबल पॉइंट. हे टूल चुकीची गोष्ट पण इतक्या ठसक्यात लिहितं की वाचणाऱ्याला शंकाच येत नाही. सोयाबीनची किमान उगवणशक्ती ७०% हा सरकारी निकष तुमच्या लॅबवाल्याला झोपेत विचारला तरी सांगेल, टूल तिथं ६० लिहील नाहीतर ८०, आणि तेच पत्रक छापून डीलरकडे गेलं तर? २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाड्यात किती बोंब झाली, पंचनामे झाले, प्रकरण खंडपीठापर्यंत गेलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. चूक पकडायचे पॉइंट ठेवले की जुनी जाणती माणसं आपोआप गेममधे येतात, कारण तिथं त्यांच्याशी पोरासोरांना टक्कर देता येत नाही.

व्हाउचरचं थोडक्यात सांगते. अमेरिकेत १९७३ साली चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या पोरांवर एक प्रयोग झाला होता. काही पोरांना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट देऊ. नंतर मोकळ्या वेळात त्याच पोरांनी स्केचपेनला बाकीच्यांपेक्षा साधारण निम्माच वेळ दिला. ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं त्यांची आवड तशीच राहिली. मोठ्या माणसांचं अगदी तसंच होतं असं काही मी म्हणत नाही, पण दोन हजाराची दर महिन्याला वाट बघायला लावण्यापेक्षा एखाद्या डिपार्टमेंटने चांगलं काम केलं तर न सांगता सगळ्यांना नाश्ता सांगा, आणि हा सगळा गेम दीड-दोन महिन्यांत संपवून टाका, वर्षभर चालवायची ही गोष्टच नाही.

शेवटच्या नंबरांची नावं ग्रुपवर टाकणं मात्र आजच थांबवा. का, ते पुढचं पत्र वाचा.

प्रश्न : मॅडम, माझं वय ५४. नांदेडला एका पतसंस्थेत २८ वर्षांपासून वसुली बघतो. आमच्याकडं एआय वापरायची स्पर्धा लावलीय आणि माझं नाव दर वेळी सगळ्यात खाली. साहेब मिटिंगमधे मोठ्याने वाचून दाखवतात, पोरं हसतात. मला कॉम्प्युटर येतो, अगदीच अडाणी नाही. पण हे शिकलो तर माझंच काम जाईल आणि नाही शिकलो तरी जाईल असं झालंय.
— वसुलीवाले काका

उत्तर : काका, पहिली गोष्ट, हसणाऱ्या पोरांना विचारा, सहकार कायद्यातल्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यासाठी अर्ज करायचा तर सोबत काय काय जोडावं लागतं? बघा किती जण सांगतात ते.

बोर्डावर खाली असलेली बहुतेक माणसं आळशी नसतात, त्यांच्या मनात असे प्रश्न असतात जे भर मिटिंगमधे विचारता येत नाहीत. तुम्ही साहेबांना एकट्यात गाठा आणि तीन गोष्टी सरळ विचारा. टूलने चुकीचं लिहिलं आणि माझी सही होऊन गेलं तर जबाबदारी कुणाची? या स्पर्धेचे मार्क इन्क्रिमेंटमधे धरणार का? आणि माझं काम लवकर झालं तर माणूस कमी करणार का? साहेबांकडे उत्तर नसेल तर तेही कळेल, आणि कदाचित त्यांनाही पहिल्यांदाच जाणवेल की हे आधी ठरवायला पाहिजे होतं. माझ्या मते तर ज्या ऑफिसात या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी नाहीत तिथं स्पर्धा लावूच नये.

आता शिकायचं कसं. टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनवर मराठीत बोला, टूलला कळतं. सुरुवात थकबाकीदाराला पाठवायच्या साध्या पत्रापासून करा. “कर्जदार शेतकरी आहे, दोन हप्ते थकलेत, आधी कधी थकवले नव्हते, भाषा सौम्य पण स्पष्ट ठेव” असं सांगा आणि काय येतं ते बघा. मग त्यात खोड्या काढा, तुम्हाला दहा सापडतील. कुठं नियमाचा नंबर चुकलेला असेल, कुठं भाषा अशी असेल की कर्जदार वाचून संस्थेत यायचंच बंद करेल. कुणाला कडक लिहायचं आणि कुणाला आधी फोन करायचा हे २८ वर्षांत तुम्हाला कळलंय, त्या टूलला त्यातलं काही माहीत नाही. एखाद्या बऱ्या पोराला सोबत घ्या, तो टूल चालवेल, तुम्ही तपासा, दोघांचे पॉइंट एकत्र लावायला साहेबांना सांगा.

एक मात्र अजिबात करायचं नाही. सभासदाचं नाव, आधार, पॅन, खाते नंबर यातलं काही टूलमधे टाकू नका, पॉइंट गेले तरी चालतील. २०२३ साली सॅमसंगसारख्या कंपनीच्या इंजिनिअरांनी आपला गुप्त प्रोग्राम चॅटजीपीटीत टाकला, आणि मग कंपनीला अशी टूल्स बंद करावी लागली. आपल्याकडंही त्याच वर्षी वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा मंजूर झाला, त्यात संस्थेला जबर दंडाची तरतूद आहे. नावाच्या जागी ‘कर्जदार क्रमांक एक’ लिहा, पत्र तेवढंच चांगलं येतं.

प्रश्न : ताई, मी वाळूजला एका ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्या एआयच्या लीडरबोर्डवर मी कायम पहिला. रिजेक्शनचा रिपोर्ट अर्ध्या वेळात करायलो म्हणून साहेबांनी आता दुप्पट रिपोर्ट द्यायला सुरुवात केलीय, बाकीचेही वैतागलेत की तुझ्यामुळं आमचंही टार्गेट वाढणार. मुद्दाम स्लो करू का?
— पहिला नंबर, वाळूज

उत्तर : पहिलं येण्याचं बक्षीस जास्तीचं काम हेच असेल तर दुसरं कोण कशाला पुढं येईल? बाकीचे तुमच्याकडे बघून बरोबर शिकलेत, की टूल वापरलं तरी गुपचूप वापरायचं. साहेबांना हे याच भाषेत सांगा, त्यांना आकडे आवडत असतील तर तुम्ही पहिले आल्यापासून बाकीच्यांचा वापर कमी झाला का तेवढं बोर्डावरच दाखवा. वाचलेल्या वेळातला निम्मा तरी तुमचा राहिला पाहिजे, शिकायला म्हणा, लाइनवर जाऊन बघायला म्हणा, नाहीतर वेळेवर घरी जायला.

लाइनवर जायचं यासाठी म्हणते, की व्हाय-व्हाय ॲनालिसिस, म्हणजे ‘का’ ‘का’ विचारत बिघाडाचं मूळ शोधायचा रिपोर्ट, एआय टूल बसल्या जागी इतका सुंदर लिहून देतं, पाच ‘का’ची पाच उत्तरं, कस्टमर पण खूश, आणि मशीनकडे कुणी गेलेलंच नसतं. पुढच्या महिन्यात तोच पार्ट त्याच कारणाने परत येतो. रिपोर्ट पटकन करा, पण कारण स्वतः शोधा, आणि दुप्पट रिपोर्टला नाही म्हणायचं हेच कारण साहेबांना द्या. तरीही ऐकलं नाही तर मुद्दाम स्लो व्हायची गरज नाही, नवीन पद्धत सापडली की आधी शेजारच्याला त्याच्या नावाने टाकायला सांगा, महिन्याभरात तुम्ही आपोआप चौथ्या-पाचव्या नंबरला याल आणि कँटीनमधे लोक पुन्हा तुमच्या टेबलावर बसतील.