झाडीपट्टीच्या नाटकाचा हिशोब करायचाय, यात करिअर आहे का?

आलेलं पत्र थोडक्यात असं: "मी ब्रह्मपुरीजवळच्या गावातली, टीवाय बीएला आहे, विषय इकॉनॉमिक्स. बाबा झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकात ऑर्गन वाजवतात, दिवाळी ते होळी घरी फारसे नसतातच. प्रोजेक्टसाठी 'नाटकामुळे गावाला काय मिळतं' हा विषय घेते म्हटलं तर सर म्हणाले करमणुकीचं कसलं मोजमाप, बँकेच्या परीक्षा दे. असलं मोजायचं काम कुणी पगार देऊन करून घेतं का?"

घेतात गं. आणि सर इकॉनॉमिक्सचे असतील तर त्यांना सांग, हा प्रश्न तुमच्याच लोकांनी काढलाय. बॉमोल आणि बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच नाटक-संगीताच्या संस्थांचे हिशोब तपासले होते. त्यांचं म्हणणं साधं, कारखान्यात मशीन आलं की तेवढंच काम कमी माणसांत होतं, पण तीन अंकी नाटकाला पूर्वी जेवढी माणसं लागायची तेवढीच आजही लागतात, आणि बाहेर मजुरी वाढली की इथेही वाढवावी लागते, मग तिकीट किती महाग करणार? हे तुझ्या बाबांना विचार, ते तुला पुस्तकापेक्षा चांगलं समजावतील.

आता पगाराचं. कंपनी कायद्यानुसार सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी नफ्यातून समाजाच्या कामावर घालायचा पैसा कला-संस्कृतीवर खर्च करता येतो आणि २०२१ पासून ज्या कंपन्यांचं सीएसआर मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे त्यांना १ कोटी आणि त्यावरच्या प्रोजेक्टचं इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे त्या कामाने लोकांना खरंच काय फरक पडला याची तपासणी, बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावंच लागतं. म्हणजे गावोगाव फिरून सर्व्हे करणारी, आकडे मांडणारी, रिपोर्ट लिहिणारी माणसं लागतात. शिवाय सोशल स्टॉक एक्स्चेंज आलंय, म्हणजे सामाजिक संस्थांना पैसा उभा करायचा शेअर बाजारातला विभाग, तिथे अशी तपासणी करणाऱ्या असेसरसाठी एनआयएसएम या शेअर बाजाराचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची सर्टिफिकेट परीक्षा आहे. पण खरं सांगते, यातलं बहुतेक काम शाळा, आरोग्य, पाणी यावर असतं, नुसतं कलेवर पोट भरेल इतकं काम आपल्याकडे अजून नाही. मोजणं शिक, कला ही तुझी खासियत राहू दे.

आणि मोजणं म्हणजे मोठा आकडा फेकणं नाही हे आधी डोक्यात घे. झाडीपट्टीची उलाढाल इतके कोटी असं जो तो सांगतो, कुठून काढला विचारलं की गप्प. समजा तुमच्या गावात नाटक लागलं, हजार माणसं आली, प्रत्येकाने तिकीट सोडून ५० रुपये चहा-भजी-पानावर घालवले, झाले ५० हजार. पण त्यातले निम्मे गावातलेच असतील तर त्यांनी ते पैसे उद्या गावातच कशावर तरी घातले असते, म्हणजे ते नाटकामुळे आले असं म्हणता येत नाही, बाहेरगावहून आलेल्या पाहुण्यांचे तेवढे धर. चहावाला शेजारच्या वडसा शहरातून आला असेल तर त्याची कमाई वडशाला गेली. नाटक कंपनीची रक्कमही तशीच, तुमच्या गावाच्या वहीत ती खर्च आणि वडशाच्या वहीत जमा, कारण बहुतेक नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे, आणि नटी नागपूर-मुंबईची असेल तर तिचं मानधन तिकडे. नाटक एकच पण हिशोब कुठल्या गावाचा हे आधी नाही ठरवलं तर सगळं मुसळ केरात.

पैशाच्या पलीकडचं अजून अवघड. मंडईच्या जत्रेला, शंकरपटाच्या बैलशर्यतीला नाटक लागतं तेव्हा लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, पोरं वर्गणी काढून मंडप-तिकीट-वीज सगळं सांभाळतात, आणि उद्या गावात काही अडलं तर हीच पोरं पुढे होतात. याला रुपये लावायची पद्धत आहे, एसआरओआय (सोशल रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट) म्हणतात, एक रुपया घातला तर समाजाला किती परत मिळाला असं काढतात. मला ती अर्धीच पटते. सोयरीक जुळली याची किंमत ठरवणारी मी कोण? ब्रिटनमध्ये १९९७ मध्ये फ्रान्स्वा मातारासो या संशोधकाने लोकांनी कलेत भाग घेण्याचे ५० सामाजिक फायदे काढून दाखवले, खूप गाजलं, मग टीका झाली की भाग घेतलेल्यांनाच विचारलंत, आधी काय होतं ते कुठे तपासलंत? तर तू आधी-नंतर दोन्ही विचार. तुझ्याकडे तर फुकटात एक तुलना आहे, कोरोनात हंगाम बुडाला तेव्हा गावात काय काय झालं नाही ते विचार. कोण आलं नाही, कुणाची उधारी थकली, बाबांनी घर कशावर चालवलं. ही माहिती कुठल्या कन्सल्टंटकडे नाही.

पुढचं शिक्षण: पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून इकॉनॉमिक्सची मास्टर्स, किंवा टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) तुळजापूर कॅम्पस, तिथे गावात राहून काम करायची सवय लागते आणि ती तुला आहेच. स्टॅटिस्टिक्स टाळू नकोस, पोरी इथेच घाबरतात आणि मग नुसत्या फॉर्म भरून घेत फिरतात. एक्सेल नीट शीक, मोबाइलवर सर्व्हे घ्यायला कोबोटूलबॉक्स आहे. आर्ट मॅनेजमेंटच्या महागड्या डिप्लोमाची जाहिरात पाहिलीस तर पुढे सरक.

बँकेच्या परीक्षेलाही बस की, कोण नको म्हणतंय, गणित तेच आहे. सरांना विषय पटत नसेल तर नाव बदल, "ग्रामीण हंगामी रोजगार : झाडीपट्टी रंगभूमीचा अभ्यास" असं लिही, लगेच सही करतील. आणि एक, बाबांकडे जुन्या डायऱ्या असतील, कुठल्या तारखेला कुठे प्रयोग, किती मिळाले. कलाकार माणूस लिहून ठेवतोच, निदान बाकी कोणाकडे राहिली ते तरी. त्यांना विचारून त्या आजच ताब्यात घे, रद्दीत जायच्या आत. फोटो काढून मला पाठव, शीट कशी करायची ते आपण बघू.