फेंटॅनिलच्या पॅचवर शेक दिला तर औषध लवकर लागू पडतं का? आणि गरम होणारे पॅच मग कसे चालतात?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना कर्करोगाच्या दुखण्यासाठी छातीवर तासाला २५ मायक्रोग्रॅमचा फेंटॅनिल पॅच (अफूच्या वर्गातल्या तीव्र वेदनाशामकाची त्वचेला चिकटवायची पट्टी) लावलाय, संध्याकाळी दुखणं उसळतं, आणि परदेशात उष्णतेवर चालणारे पॅच निघालेत असं वाचल्यामुळे गरम पाण्याच्या पिशवीनं तेच साधेल का असं विचारताय. आधी उत्तर देतो: पॅचवर शेक अजिबात देऊ नका. देत असाल तर आजपासून बंद करा. उष्णतेनं औषध लवकर आणि जास्त आत जातं, हे तुमचं वाचन बरोबर आहे. धोका नेमका त्यातच आहे.

हिशोब बघा. तासाला २५ मायक्रोग्रॅम म्हणजे ७२ तासांत १.८ मिलिग्रॅम. पण या मापाच्या एका प्रचलित मॅट्रिक्स पॅचमध्ये, म्हणजे चिकट थरातच औषध मिसळलेल्या पॅचमध्ये, औषध भरलेलं असतं ४.२ मिलिग्रॅम. शेवटपर्यंत वेग सारखा राहावा म्हणून हा जादा साठा मुद्दाम ठेवतात. म्हणजे तीन दिवस वापरून काढलेल्या पॅचमध्येही निम्म्याहून जास्त औषध शिल्लक असतं. ते बाहेर यायला अडवून धरतात दोनच गोष्टी, त्वचा आणि तिचं तापमान. आपल्या त्वचेचा पृष्ठभाग एरवी ३२ अंशांच्या आसपास असतो, आणि पॅचवर छापलेला वेग त्याच तापमानाचा. बऱ्याच औषधांच्या बाबतीत सात ते दहा अंश वाढले की झिरपण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

फरक तीन ठिकाणी पडतो. पहिला पॅचच्या चिकट थरातच, तिथे औषधाचे रेणू जास्त मोकळेपणानं सरकतात. दुसरा त्वचेच्या सगळ्यांत वरच्या थरात. हा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो: मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या फटीत चरबी भरलेली. औषध बहुतेक या चरबीतूनच वाट काढतं. थंडीत थिजलेल्या खोबरेलाची बाटली उन्हाच्या कडेला ठेवली की तेल सुटायला लागतं, तशी ही चरबी चाळीसच्या आसपास सैल पडते. पूर्ण वितळत नाही, पण फेंटॅनिलसारख्या लहान आणि चरबीत सहज विरघळणाऱ्या रेणूला तेवढं पुरतं. तिसरा फरक रक्तप्रवाहाचा, आणि माझ्या मते फेंटॅनिलच्या बाबतीत याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. पहिला पॅच लावल्यावर रक्तातली पातळी चढायला १२ ते २४ तास लागतात, कारण आधी पॅचखालच्या त्वचेत औषधाचा साठा भरतो आणि मग तो हळूहळू रक्तात उतरतो. शेक दिला की तिथल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि हा तयार साठा थोड्या वेळात वाहून जातो. डोस वाढतो तो असा, आणि रक्तात गेलेलं औषध पिशवी उचलली म्हणून परत येत नाही.

अमेरिकेतल्या या पॅचच्या माहितीपत्रकात आकडे दिलेले आहेत: पॅचवर उष्णता दिल्यावर शरीरात गेलेलं एकूण औषध सरासरी १२० टक्क्यांनी आणि रक्तातली कमाल पातळी ६१ टक्क्यांनी वाढली. नुसता ४० अंशांचा ताप आला तरी पातळी सुमारे एक तृतीयांशानं वाढू शकते असंही त्यात म्हटलंय. फेंटॅनिलमध्ये दुखणं थांबवणारी मात्रा आणि श्वास मंदावणारी मात्रा यांत अंतर फार कमी आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये या पॅचबद्दल जाहीर सूचना काढली, तीत उष्णता टाळण्याचं बजावलं होतं.

आता गरम होणाऱ्या पॅचबद्दल. तुम्ही वाचलेला बहुधा लिडोकेन आणि टेट्राकेन या बधिर करणाऱ्या दोन औषधांचा असावा. युटा राज्यातल्या झार्स कंपनीनं तो विकसित केला आणि २००५ मध्येच सिनेरा या नावानं त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. सुई टोचण्याआधी त्वचा बधिर करायला तो २० ते ३० मिनिटं लावतात. साध्या बधिर करणाऱ्या मलमाला निदान तासभर लागतो, उष्णतेमुळे तो वेळ वाचतो.

आत दोन भाग असतात. खालच्या थरात दोन्ही औषधं ७०-७० मिलिग्रॅम, युटेक्टिक मिश्रणाच्या रूपात, म्हणजे एकत्र केल्यावर त्यांचा वितळणबिंदू दोघांच्याही एकेकट्या वितळणबिंदूखाली उतरतो आणि औषध त्वचेत शिरायला सोपं होतं. वरच्या भागात लोखंडाची भुकटी, सक्रिय कोळसा, मीठ, लाकडाचा भुसा आणि पाणी. हवाबंद पाकीट फोडलं की हवेतला ऑक्सिजन आत जातो, लोखंड गंजू लागतं आणि गंजताना उष्णता सुटते. मीठ गंजण्याला वेग देतं, कोळसा हवा धरून ठेवतो, भुसा पाणी धरून ठेवतो. पाणी कमी पडलं तर क्रिया थांबते, जास्त झालं तर लोखंडाच्या कणांभोवती पाणी साचून हवाच पोचत नाही.

खरी करामत वरच्या झाकणातल्या बारीक भोकांत आहे. भोकं किती आणि केवढी, यावर दर मिनिटाला किती ऑक्सिजन आत जाईल ते ठरतं, आणि त्यावरून उष्णता. त्वचेचं तापमान जास्तीत जास्त पाच अंशांनी वाढतं आणि ४० च्या वर जात नाही. म्हणून त्याचे नियमही नेमके आहेत. पाकीट फोडल्याबरोबर लावायचा, नाहीतर उष्णता हवेतच संपते. भोकांवर चिकटपट्टी लावायची नाही, नाहीतर पॅच गरमच होत नाही. कापायचा नाही. वरून आणखी शेक द्यायचा नाही. एमआरआयच्या आधी काढायचा, कारण आत लोखंड आहे. आणि वापरून झाल्यावरही ९० टक्क्यांहून जास्त औषध त्यात उरतं, म्हणून चिकट बाजू आत घडी घालून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा.

म्हणजे तिथे उष्णतेला वरची मर्यादा आहे, वेळेला मर्यादा आहे, आणि औषध त्या जागेपुरतं काम करणारं आहे. रबरी पिशवीत यातलं काहीच नाही. टॉवेलची एक घडी कमी पडली की तापमान कुठे जाईल सांगता येत नाही. ४४ अंशांना त्वचा सुमारे सहा तासांत भाजते आणि त्यावर एकेक अंश चढेल तसा तो वेळ साधारण निम्मा होत जातो. फेंटॅनिलच्या गुंगीतल्या माणसाला चटका बसलेला कळत नाही, हा आणखी एक घोर. विजेचं शेकपॅड आणि गरम होणारं पांघरूण तर रात्रभर चालू राहतं, ते पिशवीहून वाईट.

घरी सांभाळायचं ते असं. पॅच लावण्याआधी ती जागा साध्या पाण्यानं पुसा, साबण, तेल, स्पिरिट नको. कढत पाण्यानं अंघोळ झाली असेल तर त्वचा निवून कोरडी होऊ द्या. जुना पॅच काढलाय ना हे बोटानं चाचपून बघा, कारण अंगाच्याच रंगाचा पातळ पॅच पाठीवर राहून जातो आणि दोन पॅचचं औषध जायला लागतं. नवी जागा निवडा आणि तळहातानं ३० सेकंद दाबून धरा. घामानं कडा सुटत असतील तर फक्त कडांना चिकटपट्टी लावा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वडिलांना उन्हात बसवू नका, आणि पॅचचा डबा गाडीत विसरू नका. गुडघ्याला किंवा कमरेला शेकायचंच असेल तर पॅचपासून लांब आणि डॉक्टरांना विचारून. ताप आला तर तो उतरवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

शेक आधीच दिला गेला असेल तर पुढचा पूर्ण दिवस लक्ष ठेवा. झोपेत श्वास घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दहापेक्षा कमी भरले, हलवूनही नीट जाग येत नसेल, घशातून घोरल्यासारखा आवाज येत असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसत असतील, तर पॅच काढा आणि १०८ ला फोन करून "फेंटॅनिलचा पॅच होता" हे शब्द सांगा, म्हणजे नॅलोक्सोनची, म्हणजे फेंटॅनिलवरच्या उताऱ्याची, तयारी होईल. पॅच काढला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्वचेतला साठा उतरतच राहतो, पातळी निम्मी व्हायला सतरा तास किंवा त्याहून जास्त लागतात आणि नॅलोक्सोनचा असर त्याआधीच संपतो. म्हणून वडील थोडे सावध वाटले तरी रुग्णालयातून लगेच घरी आणू नका.

राहिलं संध्याकाळचं दुखणं. त्यावर शेकापेक्षा कितीतरी चांगला उपाय आहे. पॅच चालू असतानाच उसळणाऱ्या दुखण्यासाठी लवकर असर करणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या देतात. मान्यता असलेल्या रुग्णालयांतून त्या मिळतात आणि मात्रा डॉक्टर पॅचच्या ताकदीवरून ठरवतात. जाण्याआधी चार-पाच दिवस वहीत लिहून ठेवा: दुखणं किती वाजता उसळलं, किती वेळ टिकलं, आणि तो पॅचचा पहिला, दुसरा की तिसरा दिवस होता. रोजच संध्याकाळी उसळत असेल तर गोळीचा विचार होईल. दर वेळी तिसऱ्याच दिवशी उसळत असेल तर पॅच पुरेसा टिकत नाही असा त्याचा अर्थ, आणि मग डॉक्टर त्याची मात्रा किंवा बदलायची वेळ बदलतील.